परसांतील भाजीपाला : नवशिक्याचा पहिला उन्हाळा

घराच्या मागील मोकळ्या जागेस आपण परस म्हणतों. जुन्या काळच्या घरांत परस नाहीं असें सहसा आढळत नसे. तुळशीवृंदावन, शेवग्याचें एखादें झाड आणि नहाणीच्या पाण्यावर माजलेलें अळू व केळ, एवढें तरी त्यांत असावयाचेंच. आतां घरें वाढलीं व परसें आंखडलीं. तथापि अंबडसारख्या तालुक्याच्या गांवीं अजूनही पुष्कळ घरांमागें दहा-पंधरा फूट जागा रिकामी पडलेली दिसते. उन्हाळ्याच्या सुटींत विद्यार्थ्यांच्या हातीं वेळ असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत बाजारांतील भाजी महाग होऊन दुपारपर्यंत सुकून जाते. अशा वेळीं "ही जागा खणून आपणच भाजी कां लावूं नये?" असा विचार एखाद्या उत्साही मुलाच्या अथवा मुलीच्या मनांत आला, तर त्यांत नवल नाहीं.

हा विचार उत्तम आहे. परंतु पहिल्याच उन्हाळ्यांत लावलेल्या बागांपैकीं बऱ्याचशा ज्येष्ठ महिना उजाडण्यापूर्वींच करपून जातात. मग "आमच्या जमिनींत कांहीं पिकत नाहीं" असें म्हणून खुरपें व झारी कोपऱ्यांत जाऊन पडतात. वास्तविक पाहतां अंबडच्या काळ्या जमिनीस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. चूक होते ती आरंभींच. जेवढी जागा मोकळी तेवढी सारी खणली जाते, आणि तिला पाणी कोठून मिळणार ह्याचा हिशेब कोणी करीत नाहीं. उन्हाळी बागेचा आकार जागेवरून न ठरवितां पाण्यावरून ठरवावा, हें एक सूत्र ध्यानांत राहिलें म्हणजे बाकीचें काम सोपें होतें. तें सूत्र अमलांत कसें आणावें, हें पुढें क्रमानें सांगण्याचें योजिलें आहे.

पाण्याचा हिशेब

अंबड तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. पैठण येथील जायकवाडी धरणाचा पाया १९६५ सालीं पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें घातला गेला, व १९७६ सालीं तें इंदिरा गांधी यांच्या हस्तें राष्ट्रास अर्पण झालें. त्याचा डावा कालवा आपल्या जिल्ह्यांतून जातो. तथापि कालव्याचें पाणी शेतासाठीं असतें. गांवांतल्या घरीं येतें तें नळाचें, विहिरीचें, हापशाचें किंवा टंचाईच्या दिवसांत टँकरचें. आपल्याकडे वर्षाचा पाऊस सरासरीनें सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बहुतेक सारा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो. चैत्र-वैशाखांत आभाळाकडून कांहींच अपेक्षा करतां येत नाहीं.

आतां बागेस पाणी किती लागतें तें पाहूं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचें पाणी उभें केलें, तर तें बरोबर एक लिटर भरतें. वैशाखांतल्या उन्हांत भाजीच्या वाफ्यांतून मातीच्या व पानांच्या वाटे दररोज सुमारें सात-आठ मिलिमीटर पाणी उडून जातें. म्हणजे दर चौरस मीटरास रोज सात-आठ लिटर पाणी द्यावें लागेल. फुटांच्या भाषेंत सांगावयाचें तर पंधरा लिटरची एक बादली वीस चौरस फूट जागेस एक दिवस पुरते. हा आंकडा पाठ करण्यासारखा आहे. चार फूट रुंद व दहा फूट लांब असे दोन वाफे केले, तर ते ऐंशी चौरस फूट होतात, आणि त्यांना रोज चार बादल्या पाणी पाहिजे.

ह्या चार बादल्या पिण्याच्या पाण्यांतून काढावयाच्या नाहींत. तांदूळ, डाळ व भाजी धुतलेलें पाणी, हंडे-माठ विसळलेलें पाणी, आदल्या दिवशीं भरून शिळें झालेलें पाणी, साबण न लावतां हातपाय धुतलेलें पाणी, हें सारें एका मोठ्या भांड्यांत धरावें. आरंभ करण्यापूर्वीं एक आठवडाभर तें रोज मोजून वहीत लिहावें. सरासरी दोन बादल्या भरली, तर एकच वाफा करावा. चार भरली, तर दोन करावे. कपड्यांच्या साबणाचें व भांडीं घासण्याच्या चूर्णाचें पाणी मात्र भाजीस घालूं नये. त्यांतील सोडा काळ्या मातीचे कण विसकटून टाकतो. माती ओली असतां लोण्यासारखी चिकट व वाळली असतां विटेसारखी कठीण होते. तसलें पाणी अळू, केळ, कर्दळ ह्यांच्याकडे वळविण्याची आपल्या आजी-पणजींची रीत आजही शहाणपणाचीच आहे.

पाण्याची कदर अंबडला नवी नाहीं. अहिल्याबाई होळकर यांच्या नांवाशीं निगडित असलेली येथील बारव पाहतांना पायऱ्यापायऱ्यांनीं खालीं उतरून पाणी वर आणणाऱ्या पिढ्यांचें स्मरण होतें. बादली उचलून आणावी लागली कीं तिचें मोल कळतें. तोटी फिरवून आलेल्या पाण्याचें तें कळत नाहीं.

वाफा करण्याची रीत

होळीच्या सुमारास जमीन एक वीत खोल खणावी व ढेकळें आठ दिवस उन्हांत तापूं द्यावीं, म्हणजे किडींचीं अंडीं व हरळीच्या मुळ्या पुष्कळ अंशीं मरतात. नंतर ढेकळें फोडून दर चाळीस चौरस फुटांच्या वाफ्यास एक भरगच्च घमेलें, म्हणजे नऊ-दहा किलो, चांगलें कुजलेलें शेणखत मिसळावें. ताजें शेण घालूं नये. तें कुजतांना मुळांस उष्णता लागते व हुमणी-वाळवीस आमंत्रण मिळतें. खत कुजलें कीं नाहीं तें ओळखणें सोपें आहे. हातांत घेतल्यास तें चहाच्या पत्तीसारखें भुसभुशीत लागतें व त्यास शेणाची घाण येत नाहीं.

काळ्या मातीचा एक स्वभाव समजून घेतला पाहिजे. ती भिजली कीं फुगते व वाळली कीं आकसते. म्हणूनच उन्हाळ्यांत आपल्या शेतांना हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ह्या भेगांतून खालची ओलही उडून जाते. खुरप्यानें वरचा एक-दोन इंच थर मोकळा ठेवला, तर भेगा बुजतात व ओल टिकते. पुस्तकांत पुष्कळ ठिकाणीं उंच गादीवाफा करावा असें असतें. तो पावसाळ्यास योग्य. उन्हाळ्यांत वाफा जमिनीशीं सपाट ठेवून सभोंवार चार बोटें उंचीचा बांध घालावा, म्हणजे ओतलेलें पाणी जागच्या जागीं मुरतें.

रुंदी चार फुटांहून अधिक असूं नये. दोन्ही बाजूंनीं हात पोंचला पाहिजे, व वाफ्यांत पाय पडतां कामा नये. तुडविलेल्या काळ्या मातींत मुळांस हवा मिळत नाहीं.

कोणती भाजी लावावी

नवशिक्यास बहुधा टोमॅटो लावण्याची हौस असते. पण दिवसाची उष्णता ३५ अंशांपलीकडे गेली व रात्रही उकाड्याची होऊं लागली, म्हणजे टोमॅटोचीं फुलें फळ न धरतां गळून पडतात. आणि वैशाखांत आपल्याकडे पारा चाळीस अंशांवर जातो. झाड हिरवें दिसतें, पाणी पितें, आणि देत कांहींच नाहीं. पालक व कोथिंबीर उन्हाच्या तडाख्यानें लौकर फुलावर येतात. तेव्हां पहिल्या वर्षीं उन्हास न भिणाऱ्या तीन भाज्या निवडाव्या: भेंडी, गवार व चवळई. वरील दोन वाफ्यांपैकीं एक सबंध भेंडीस द्यावा, व दुसरा गवार आणि चवळई ह्यांत निम्मा-निम्मा वांटावा.

गुढीपाडव्याच्या आगेमागें पेरणी करावी. त्या दिवसांत परीक्षा असतात हें खरें, पण दोन वाफ्यांच्या पेरणीस एका सकाळपेक्षां अधिक वेळ लागत नाहीं. भेंडीचें बीं रात्रभर पाण्यांत भिजवून एक-एक फुटावर दोन-दोन दाणे बोटाच्या पेराएवढे खोल लावावे. पांच-सात दिवसांत कोंब वर येतात. ते चार पानांचे झाले म्हणजे जोमदार तो ठेवून दुसरा काढावा. विरळणी करतांना मुलांचा जीव तुटतो, पण एका जागीं दोन झाडें ठेवलीं तर दोन्हीं किडकिडीत राहतात. गवारीस ओळींत फूटभर व झाडांत वीतभरापेक्षां थोडें कमी अंतर पुरे. चवळईचें बीं मोहरीहून बारीक असतें; तें कोरड्या मातींत मिसळून फेंकावें व वरून अगदीं पातळ माती पसरावी.

पंचवीस-तीस दिवसांत चवळई खुडण्यास येते, आणि बागेचें पहिलें ताट तिच्याच भाजीचें होतें. गवारीच्या व भेंडीच्या शेंगा साधारण पंचेचाळीस-पन्नास दिवसांनीं, म्हणजे वैशाखाच्या सुमारास, सुरू होतात. फूल उमलल्यापासून पांच-सहा दिवसांत भेंडी तोडावी. शेंडा नखानें सहज मोडला तर ती कोवळी समजावी. एक दिवसाआड तोडणी चुकविली, तर शेंगा जून होतात व झाड नवीं फुलें धरीनासें होतें.

भेंडीची एक हकीकत

भेंडी ही आफ्रिका खंडाकडची मानली जाते. पण तिच्या अर्वाचीन इतिहासाचें एक पान आपल्याच जालन्यांत लिहिलें गेलें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा एक विषाणुजन्य रोग आहे. त्यास शेतकरी हळद्या म्हणतात. पांढऱ्या माशीच्या द्वारां तो पसरतो, आणि एकदां झाडास जडला कीं त्यावर औषध नाहीं. दिल्ली येथील भारतीय कृषि संशोधन संस्थेनें ह्या रोगास पुरून उरणारी "पुसा सावनी" नांवाची जात काढली. १९६० च्या सुमारास जालन्याचे बद्रीनारायण बारवाले यांनीं तिचें बीं आपल्या शेतांत वाढवून इतर शेतकऱ्यांस पुरविण्याचा उद्योग आरंभिला. त्यांतूनच १९६४ सालीं महिको ही बियाण्यांची कंपनी उभी राहिली, व १९९८ सालीं बारवाले यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

पुढें पुसा सावनीची ती शक्ति क्षीण झाली. तेव्हां परभणीच्या मराठवाडा कृषि विद्यापीठानें भेंडीचा तिच्या एका नातलग वनस्पतीशीं संकर करून "परभणी क्रांति" ही जात १९८५ सालीं शेतकऱ्यांच्या हातीं दिली. रोग बदलतो, म्हणून बीजही बदलावें लागतें, आणि हें काम कोणा एका पिढींत संपत नाहीं. परसांतल्या वाफ्यांत लावलेल्या एका दाण्यामागें एवढे श्रम असतात.

ह्यांतून नवशिक्यास एक व्यवहारी गोष्टही घेण्यासारखी आहे. बियाण्याच्या पुडीवर "संकरित" असें लिहिलें असल्यास त्या झाडांचें बीं पुढल्या वर्षीं धरूं नये. त्यापासून येणारीं झाडें एकसारखीं निपजत नाहींत. परभणी क्रांतीसारख्या सुधारित सरळ जातीचें बीं मात्र घरीं धरतां येतें. एका निरोगी झाडावरच्या तीन-चार शेंगा झाडावरच वाळूं द्याव्या, दाणे सावलींत सुकवावे, व राखेंत घोळून कोरड्या बाटलींत ठेवावे. पुढल्या पाडव्यास बियाण्याचा खर्च वांचतो.

रोजची निगा

पाणी सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं किंवा सूर्य मावळल्यावर, पानांवर न शिंपडतां मुळांशीं द्यावें. दुपारीं पानें मान टाकतात, म्हणून घाबरून बादली घेऊन धांवूं नये. मुळें पाणी ओढतात त्याहून अधिक वेगानें तें पानांतून उडत असतें, म्हणून झाड तात्पुरतें पानें सैल सोडतें. संध्याकाळीं तें आपोआप ताठ होतें. सकाळींही पानें लोंबत असतील, तर मात्र खरोखर तहान लागली आहे असें समजावें. शंका आल्यास दोन इंच खोल बोट घालून पाहावें. माती बोटास थंड व ओलसर लागली, तर त्या दिवशीं पाणी न घालतां तें उद्यांसाठीं राखावें.

रोपें वीतभर झालीं म्हणजे वाळलेला पाला, गव्हाचें काड किंवा उसाचें पाचट ह्यांचा दोन-तीन इंच थर मातीवर पसरावा. ह्या आच्छादनामुळें मातीवर ऊन पडत नाहीं, ओल टिकते व तणही कमी येतें. चवळईच्या कोवळ्या रोपांवर तुराट्यांचा लहानसा मांडव घालून दुपारची सावली करावी. भेंडी-गवारीस मात्र उघडें ऊन पाहिजे. शेळ्यांपासून बचाव करण्यास पऱ्हाट्यांचें कुंपण पुरतें, आणि कापसाच्या ह्या जिल्ह्यांत पऱ्हाट्यांची वाण नाहीं.

पाणी फारच थोडें असेल, त्यानें मातीचें मडकें पुरण्याची युक्ति करावी. न भाजतां राहिलेलें किंवा चकाकी दिलेलें मडकें ह्या कामीं निरुपयोगी. पिण्याच्या माठासारखें सच्छिद्र पाहिजे. तें गळ्यापर्यंत जमिनींत पुरून भरावें, तोंडावर झांकण ठेवावें, व सभोंवार दुधी, दोडका किंवा कारलें ह्यांच्या तीन-चार बिया लावाव्या. माती कोरडी होईल तसतसें पाणी मडक्यांतून पाझरतें; ओल पुरेशी असली कीं पाझर मंदावतो. चीन देशांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या शेतीच्या ग्रंथांत ही रीत वर्णिलेली आहे. वेलांस आरंभीं बहुतेक नरफुलेंच येतात व तीं गळून जातात. त्यानें निराश होऊं नये. ज्या फुलाच्या मागें बोटाएवढें बाळफळ दिसतें तें मादीफूल, आणि तीं थोड्या दिवसांनीं येऊं लागतात.

कीड दिसतांच विषारी औषध आणण्याची घाई करूं नये, कारण ही भाजी घरांतल्या लहान मुलांच्या पोटांत जावयाची आहे. रोज सकाळीं पानें उलटून पाहावीं. मावा दिसल्यास पाण्याच्या धारेनें धुवून काढावा, व अळ्या हातानें वेंचाव्या. वाळलेल्या निंबोळ्या पन्नास ग्रॅम कुटून एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवाव्या, आणि तें पाणी फडक्यानें गाळून संध्याकाळीं शिंपडावें. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाशीं पिकतात. त्या वेळीं वेंचून ठेवल्या म्हणजे पुढल्या उन्हाळ्यास कामीं येतात. हळद्या झालेलें झाड मात्र दया न करतां उपटून दूर न्यावें.

दुष्काळाचें साल

मराठवाड्यांत बागेविषयीं लिहितांना दुष्काळाची गोष्ट टाळतां येत नाहीं. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या बोलण्यांत अजून येतो. २०१२-१३ सालीं आपल्या जिल्ह्यांत मोसंबीच्या कित्येक बागा उभ्या वाळल्या. २०१६ च्या एप्रिलांत लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. अशा सालीं एखाद्या विद्यार्थ्यानें भेंडीस पाणी घालावें कीं नाहीं?

ह्याचें उत्तर असें आहे. पहिला हक्क माणसाच्या व गुराढोरांच्या पिण्याचा. टँकरच्या रांगेंत भरलेल्या घागरींतलें पाणी वाफ्यास जातां कामा नये. परंतु भाजी धुतलेलें व हंडा विसळलेलें पाणी दुष्काळांतही घरांत निर्माण होतच असतें, आणि तें गटारांत सोडून कोणाची तहान भागत नाहीं. म्हणून टंचाईच्या वर्षीं बाग बंद न करतां लहान करावी. चार बादल्यांच्या दोन झाल्या, तर एक वाफा मोडावा. एकच उरली, तर दोन मडकीं पुरून तेवढेच वेल जगवावे. केवळ वापरलेल्या पाण्यावर चालणारी बाग कोणाच्याही तोंडचें पाणी पळवीत नाहीं.

आणखी एक गोष्ट पालकांनीं पाहावयाची आहे. आपल्या घरांतून पाणी भरण्याचा भार बहुधा आई-बहिणींवर पडतो. बाग मुलाची आणि बादल्या मात्र आईनें वाहावयाच्या, असें होऊं लागलें, तर त्या बागेपासून मुलास कांहींच शिक्षण मिळालें नाहीं असें समजावें. ज्यानें बीं लावलें त्यानेंच पाणी धरावें, वाहावें व घालावें.

फळ काय मिळेल?

खोटी आशा दाखविणें बरें नव्हे. माणसानें रोज निदान ४०० ग्रॅम फळें व भाज्या खाव्या, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. पांच माणसांच्या घरास हें प्रमाण दोन किलो होतें. भेंडीचा एक वाफा, म्हणजे चाळीस झाडें, नीट निगा राखल्यास सबंध उन्हाळ्यांत चार ते सहा किलो शेंगा देईल. एक दिवसाआड एका भाजीपुरती. म्हणजे ह्या बागेनें बाजार बंद होत नाहीं. पण ज्या दिवसांत ताटांतून हिरवी भाजी नाहींशी होते, त्याच दिवसांत आठवड्यांतून तीन-चार वेळां ताजी, औषधाचा फवारा न लागलेली भाजी मुलांच्या पोटांत जाते, हा लाभ लहान नाहीं.

मृगाचा पाऊस पडला म्हणजे बादलीचें काम संपतें. त्या वेळीं वहींतील आंकड्यांची बेरीज करावी: पाणी किती धरलें, भाजी किती निघाली, कोणतें झाड कां मेलें. ही वही पुढल्या उन्हाळ्याची खरी शिदोरी होय. आमच्या विद्यार्थ्यांनीं येत्या पाडव्यास ऐंशी चौरस फूट नसलें तरी वीस चौरस फूट, म्हणजे एका बादलीपुरता, वाफा करून पाहावा. आणि पालकांनीं त्यांना कोपऱ्यांतली तेवढी जागा व एक जुनी बादली आनंदानें द्यावी, एवढीच विनंति आहे.